ज्युनियर प्रॉम: हमी दोनशे पानांची, तिकिटं गेली एकशे अठरा

चिंगीची_आई | ६ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, प्रॉमबद्दल (इथल्या शाळांतली नटूनथटून जायची जेवण-नाचाची संध्याकाळ) सल्ला हवाय. प्रश्न खरं तर लेकीचा आहे, पण दहा दिवस आमच्या घरात दुसरं काही शिजत नाहीये.

आम्ही न्यू जर्सीत. लेक अकरावीला, इथल्या भाषेत ज्युनियर. इथे 'क्लास' म्हणजे अख्खी बॅच, आणि आमच्या बॅचमध्ये सव्वातीनशे मुलं. तिची ही खजिनदार. बऱ्याच शाळांत अकरावी-बारावीचा प्रॉम एकत्र असतो, आमच्याकडे वेगवेगळा. अकरावीचा यंदा १६ मेला, शुक्रवारी.

हॉल ठरला गेल्या वर्षी, मुलं दहावीत असताना. तेव्हाच्या कमिटीला झुंबरं आवडली. करारावर सही अर्थातच शाळेची. ७२ डॉलर पान, २०० पानांची हमी, वर २० टक्के सर्व्हिस चार्ज. म्हणजे १७,२८०. डीजे १,२००, सिक्युरिटी ५००, सजावट आणि बारीकसारीक ५००. एकूण १९,४८०.

तिकीट ८५. ६ एप्रिलपर्यंत गेली ११८, जमले १०,०३०. क्लासच्या खात्यात ९,१०० आहेत, पण त्यातले ३,००० बारावीच्या खर्चासाठी हलवायचे नाहीत असं ठरलंय. खड्डा ३,३५० चा. हॉलला माणसांचा आकडा कळवायची शेवटची तारीख ६ मे.

टेबलं दहा-दहाची. ऑनलाइन फॉर्मवर आठ ते दहा नावं टाकायची, पैसे भरायचे, की टेबल नक्की. तेरा टेबलं झालीत. पोरगी रात्री उठून पुन्हा तीच बेरीज करते. तिकीट स्वस्त करावं का? कुणी यातून गेलंय का?

तात्या_२.० | ६ एप्रिल, रात्री १०:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पेठकर कुठायत?

पेठकर | ७ एप्रिल, सकाळी ९:१५

इथेच आहे.

आमच्या वेळी निरोपसमारंभ व्हायचा. वर्गणी दोन रुपये. बटाटेवडा, पेढा, मुख्याध्यापकांचं भाषण आणि दोन मुलींचं रडणं. सोळा वर्षांच्या मुलांना झुंबराखाली सत्तर डॉलरचं ताट कशाला? ही लग्नाची रंगीत तालीम झाली. तिथे राहायचं म्हणून तिथली सगळी थेरं अंगाला लावून घ्यायलाच पाहिजेत असं नाही.

मका_आणि_बर्फ | ७ एप्रिल, सकाळी १०:३०

पेठकरकाका, झुंबरं सगळीकडे नसतात हो. आमच्या आयोवातल्या गावात या, दाखवते. गावाची वस्ती दोन हजारांच्या आत, प्रॉम शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या रिंगला काळं कापड आणि दिव्यांच्या माळा.

इकडे जुनी पद्धत अजून टिकून आहे. अकरावीची मुलं यजमान, बारावीची पाहुणी. म्हणून अकरावीभर पैसे जमवायचे. शुक्रवारच्या फुटबॉल मॅचला नाचोज आणि हॉट चॉकलेटचा स्टॉल, उन्हाळ्यात गाड्या धुणं. जेवण वाढायला दहावीची मुलं, पांढरा शर्ट, काळी पँट घालून. पंगतीत वाढणारी पोरं डोळ्यासमोर आणा, फक्त हातात आमटीच्या बादलीऐवजी बेक्ड पोटॅटोचा ट्रे.

आणि जेवणाआधी ग्रँड मार्च. एकेक जोडी स्टेजवर येते, माइकवरून नावं पुकारतात, आणि सगळा गाव बाकांवर बसून टाळ्या वाजवतो. ज्यांची मुलं शाळेत नाहीत त्या आजीबाईसुद्धा तिकीट काढून येतात! माझ्या मुलाच्या वेळी शेजारच्या शेतकरी काकांनी त्याला 'शू लेस' म्हणून ओरडून सांगितलं आणि तो तिथेच खाली वाकला. गावात अजून त्यावरून चिडवतात त्याला.

पेठकर | ७ एप्रिल, सकाळी ११:०२

हे बरं आहे. हे आपल्या गॅदरिंगसारखं वाटतं.

पानं_किती_धरू | ७ एप्रिल, दुपारी १:२०

आमचा तीन पिढ्यांचा केटरिंगचा धंदा, कराडला. ताई, तुमचा प्रश्न आमच्या रोजच्यातला आहे, फक्त उलटा. आमच्याकडे यजमान दीडशेची हमी देतो आणि येतात अडीचशे. आचारी ऐन वेळी भात वाढवतो आणि श्रीखंडाची वाटी लहान होते.

तुमच्या केसमध्ये एक गोष्ट मुलीला नीट समजावा. उरलेल्या ८२ पानांचे पैसे हॉलवाल्याला गेलेच, माणूस आला काय, न आला काय. त्यामुळे यापुढचं प्रत्येक तिकीट म्हणजे निव्वळ जमा. ८५ ला गेलं तर ८५ जमा, ४० ला गेलं तर ४०. २०० ओलांडेपर्यंत पान महाग नाही, रिकामी खुर्ची महाग आहे.

चिंगीची_आई | ७ एप्रिल, दुपारी ३:४५

हेच तिच्या क्लासचा व्हाइस प्रेसिडेंट म्हणतोय. उरलेली ६० ला विका. पण ज्यांनी ८५ भरले ते ओरडतील ना?

पेठकर | ७ एप्रिल, रात्री ८:१०

ओरडतीलच, आणि रास्त ओरडतील. आधी भरणाऱ्याला दंड आणि उशिरा येणाऱ्याला बक्षीस असं झालं तर पुढच्या वर्षी कुणी वेळेत भरणार नाही. बँकेत ३४ वर्षं काढली, कर्जमाफीनंतर वसुलीचं काय होतं ते पाहिलंय.

बरं, पहिल्यांना २५ परत दिले तर? ११८ गुणिले २५ म्हणजे २,९५०. खड्डा ६,३०० वर जातो. उरलेली ८२ च्या ८२ तिकिटं ६० ला गेली तरी ४,९२० येतात. हॉल तुडुंब भरूनही १,३८० कमी. हा रस्ता बंद.

उलट, ८५ लाच अजून ४० तिकिटं गेली की ३,४०० होतात. प्रश्न चाळीस मुलांचा आहे. ती का येत नाहीत ते शोधा. दर नंतर.

(थेरं हा शब्द मागे घेतलेला नाही.)

तात्या_२.० | ७ एप्रिल, रात्री ८:१४

काकांनी कॅल्क्युलेटर काढला म्हणजे धागा शंभरी गाठणार.

निळी_शाई | ७ एप्रिल, रात्री ९:३०

मी ओहायोत गणित शिकवते, दोन बॅचची क्लास अॅडव्हायजर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षिका, होते. म्हणजे मुलं ठरवणार आणि निस्तरायला मी.

पैसे जमवण्याबद्दल थोडं. बेक सेल ऐकायला सोपं वाटतं, पण २०१४ पासून शाळेच्या वेळेत मुलांना विकायच्या खाण्यावर केंद्राचे पोषणाचे नियम आहेत. साखर, मीठ, कॅलरी, सगळं मोजून. राज्याने काही सूट दिली असेल तेवढीच. शाळा सुटून अर्धा तास झाला की ते नियम लागू नसतात. त्यामुळे आमचे डोनट नेहमी शाळा सुटल्यावर, पार्किंगच्या तोंडाशी. भुकेली पोरं त्याच वेळी सापडतात, हा आणखी एक फायदा. मात्र पाच आठवड्यांत डोनट विकून तीन हजार उभे राहत नाहीत. एखाद्या रेस्टॉरंटशी बोलून 'आज रात्रीच्या विक्रीतले अमुक टक्के क्लासला' असं होतं, त्यात दोन-तीनशे येतात.

तारीखही बघा. १६ मे म्हणजे एपी परीक्षांच्या (हायस्कुलातच देतात त्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा) दुसऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस. अकरावीची हुशार पोरं त्या पंधरवड्यात जमिनीवर नसतात. 'परीक्षा झाल्या की बघू' म्हणणारी बरीच असतील, आणि तुमचा आकडा ६ मेलाच द्यायचाय. दोन आठवडे आधीपासून मागे लागा.

बाहेरच्या शाळेतला पाहुणा आणायचा असेल तर त्याच्या शाळेच्या सहीचा फॉर्म लागतो, तो आत्ताच वाटा. शेवटच्या आठवड्यात त्या सह्या मिळत नाहीत.

रेशीमकाठ | ८ एप्रिल, सकाळी ७:५५

विषयांतर होतंय, माफ करा. जुन्या पैठणीचा गाऊन शिवून मिळतो का एडिसनमध्ये? लेकीला चालणार आहे, सासूबाईंना चालणार नाही.

मका_आणि_बर्फ | ८ एप्रिल, सकाळी ८:२०

सासूबाईंना फोटो पाठवा, गाऊन नको. बाकी न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, तेवढं सुख उपभोगा.

पेठकर | ८ एप्रिल, सकाळी ९:४०

करार पाहिल्याशिवाय बोलणं योग्य नाही. हमी माणशी आहे की रकमेची? रकमेची असेल तर तेवढ्या पैशांत आणखी पदार्थ मागता येतात. आणि सर्व्हिस चार्ज रिकाम्या पानांवरही आहे का? न वाढलेल्या ताटावर वाढप्याचे पैसे कसले?

चिंगीची_आई | ८ एप्रिल, संध्या. ६:१५

काका, हमी माणशी. सर्व्हिस चार्ज हमीवर, म्हणजे रिकाम्या पानांवरही. लेकीने तुमचं वाक्य इंग्रजी करून अॅडव्हायजर सरांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, हॉलला ईमेल टाकतो.

दुसरी_पिढी | ८ एप्रिल, रात्री ११:३५

मी इथेच वाढले, वाचते रोज, लिहिते क्वचित. मराठी चुकलं तर समजून घ्या.

मी माझ्या ज्युनियर प्रॉमला गेले नव्हते. सगळ्यांना वाटायचं आईबाबांनी नाही म्हटलं. आईबाबांनी हो म्हटलं होतं. बाबांनी चेकही लिहिला होता, तो माझ्या बॅगेत आठवडाभर होता.

आमच्याकडे कागदावर फॉर्म होता. दहा रेघा. पहिली रेघ माझी. दुसरीवर माझी मैत्रीण, ती ऑर्केस्ट्राची. मग आम्ही दोघी बसून विचार करत राहिलो. लंचला आम्ही लायब्ररीत असायचो. आठ माणसं कुठून आणायची? कुणाला 'तुमच्या टेबलवर जागा आहे का' विचारणं तेव्हा मरणासारखं वाटायचं. तिने फॉर्म घडी करून पुस्तकात ठेवला आणि आम्ही म्हटलं प्रॉम ओव्हररेटेड आहे. खूप लोकांना सांगितलं तसं. डेट नाही म्हणून कुणी थांबत नाही आता, पण टेबल नाही म्हणून थांबतात.

ताई, तुमच्या फॉर्मवर एकट्या माणसाने नाव टाकायचं ठरवलं तर टाकता येतं का?

चिंगीची_आई | ९ एप्रिल, सकाळी ६:५०

नाही येत. आत्ताच उघडून पाहिला. आठ नावं भरल्याशिवाय पैसे भरायचं बटणच दिसत नाही.

फॉर्म माझ्या लेकीनेच बनवलाय.

पानं_किती_धरू | ९ एप्रिल, सकाळी ७:३०

अगदी बरोबर धरलंत, ताई (दुसरी_पिढी). लग्नात एकटा आलेला माणूस पंगतीत कुठे बसावं कळेना म्हणून भिंतीला टेकून उभा असतो. आमचे वडील त्याच्यासाठी मुद्दाम एक वाढपी ठेवायचे. त्याचं काम वाढायचं नाही, 'या पाहुणे, इकडे पान मांडलंय' एवढंच म्हणायचं.

पेठकर | ९ एप्रिल, सकाळी ९:०५

सव्वातीनशेतली तेरा टेबलं म्हणजे ज्यांचे कंपू आहेत तेवढे सगळे आले. बाकीचे दोनशे दारावरच अडलेत. फॉर्म बदला. आजच.

तात्या_२.० | ९ एप्रिल, सकाळी ९:२०

काका, तुम्ही प्रॉम कमिटीवर आहात आता. मनगटावर बांधायचं फूल, कॉर्सेज, घ्या एक.

निळी_शाई | ९ एप्रिल, रात्री ८:४५

फॉर्म बदलताना 'ज्यांचा ग्रुप नाही त्यांच्यासाठी' असलं काही लिहू नका, कृपा करून. आम्ही एकदा 'सिंगल्स टेबल' लिहिलं होतं. एकही नाव आलं नाही, आणि त्यावरचे विनोद मात्र वर्षभर चालले. सरळ दोन प्रश्न: तुमचं नाव, आणि कुणाबरोबर बसायला आवडेल (रिकामं ठेवलं तरी चालेल). टेबल कमिटी लावेल. सगळ्यांचीच. म्हणजे कोण कसं आलं ते कुणालाच कळत नाही.

आणि पैशाची अडचण असलेली मुलं असतातच. ८५ हा काही छोटा आकडा नाही. त्यावर कपडे, बूट. ते काम शाळेच्या काउन्सेलरकडे (समुपदेशकाकडे) द्या. खजिनदाराला फक्त संख्या कळावी, नावं नाहीत.

पानं_किती_धरू | ९ एप्रिल, रात्री ९:१०

आणि ती फुकटची पानं क्लासला फुकटच पडतात, हे विसरू नका. ताटाचे पैसे गेलेत, माणूस बसवा.

पेठकर | १० एप्रिल, सकाळी ८:३०

एक विचारतो. अमेरिकेत हे नेहमी असंच, ज्याचा कंपू त्याचा प्रॉम?

निळी_शाई | १० एप्रिल, रात्री ९:५५

कंपू तर सोडाच, काका, याहून वाईट होतं. प्रोमेनाडवरून प्रॉम, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेकडच्या कॉलेजांत सुरू झाला आणि मग हायस्कुलांत उतरला. दक्षिणेत शाळा एक झाल्या तरी प्रॉम कित्येक वर्षं दोन होत राहिले, गोऱ्या मुलांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. शाळा अंग काढून घ्यायची आणि पालक खासगीत भरवायचे. मिसिसिपीतल्या चार्ल्सटनला पहिला एकत्र प्रॉम २००८ साली झाला! त्या भागातला नट मॉर्गन फ्रीमन याने १९९७ मध्येच खर्च देऊ केला होता, तेव्हा मानला नाही. अकरा वर्षांनी मानला. जॉर्जियातल्या विलकॉक्स काउंटीत २०१३ मध्ये मुलामुलींनी स्वतः वर्गणी काढून एकत्र प्रॉम केला.

ऱ्होड आयलंडमध्ये १९८० साली एका मुलाला मित्राला जोडीदार म्हणून न्यायचं होतं, शाळा नाही म्हणाली, तो कोर्टात गेला आणि जिंकला. त्यामुळे 'कोण येऊ शकतं' हा प्रॉमचा जुनाच प्रश्न आहे. झुंबरं नंतर आली.

झुंबरांवरून आठवलं, १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या मुलीच्या वर्गाचा प्रॉम थेट व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये झाला होता. खर्च मात्र वर्गानेच केला.

पेठकर | १० एप्रिल, रात्री १०:२०

२००८? तेव्हा माझ्या नातीचं बारसं होतं.

चिंगीची_आई | २७ एप्रिल, रात्री ९:३०

उशीर झाला, माफी. अपडेट.

फॉर्म त्याच दिवशी बदलला. लेक आधी रडली. 'माझं टेबल तर दहा मिनिटांत भरलं होतं, मला कसं कळणार' म्हणाली. मग शांत झाली आणि होमरूम-होमरूम (सकाळच्या हजेरीचे वर्ग) फिरली. पहिल्या तीन दिवसांत २२ नावं. त्यातल्या चौदा जणांनी 'कुणाबरोबर' हा रकाना रिकामा सोडलाय.

ज्यांची टेबलं आधी ठरली होती त्यातल्या दोन टेबलांनी कुरकुर केली की आमच्यात अनोळखी बसवू नका. कमिटीची दोन तास मीटिंग झाली. शेवटी ठरलं, भरलेली टेबलं तशीच, पण आठ-नऊवाल्यांमध्ये एकेक जागा भरायची. क्लासच्या प्रेसिडेंटने स्वतःचं टेबल फोडलं, तेव्हा कुठे बाकीचे गप्प झाले.

हॉलवाल्याने हमी कमी केली नाही. सर्व्हिस चार्जही सोडला नाही. पण उरलेल्या पानांच्या बदल्यात बिनदारूच्या कॉकटेलचा काउंटर आणि जास्तीचं डेझर्ट देतो म्हणाला. काका, तुमच्या वाढप्याच्या वाक्याचाच प्रताप.

आता घरी नेण्या-आणण्याचं कोडं आहे. निम्मी पोरं सतरा पूर्ण नाहीत.

दुसरी_पिढी | २७ एप्रिल, रात्री १०:०५

आणि सतरा झालेली तरी रात्री ११ नंतर चालवू शकत नाहीत ना. न्यू जर्सीत प्रोबेशनरी लायसन्सला (सतराव्या वर्षी मिळतं ते पहिलं) ११:०१ ते पहाटे ५ बंदी, आणि आईबाबा गाडीत नसतील तर बरोबर एकच माणूस. नंबरप्लेटवर ते लाल स्टिकर २०१० पासून. हॉल १०:३० ला संपवा, नाहीतर अर्धी पोरं ९:४५ लाच निघतील.

चिंगीची_आई | २७ एप्रिल, रात्री १०:१२

७ ते १०:३० आहे. बाबालोकांची रांग लागणार पार्किंगमध्ये, गणपतीच्या महाप्रसादासारखी.

चिंगीची_आई | ६ मे, रात्री ८:००

आकडा दिला. १७१.

नवीन ५३. त्यातले ८ काउन्सेलरकडून, लेकीला नावं माहीत नाहीत. ४५ गुणिले ८५ म्हणजे ३,८२५. खड्डा भरून ४७५ उरले. बारावीचे ३,००० जागच्या जागी.

पेठकर | ६ मे, रात्री ८:०४

तपासलं. बरोबर आहे.

चिंगीची_आई | १७ मे, दुपारी १२:२०

झाला एकदाचा. मी फक्त सुरुवात आणि शेवट पाहिला, मधलं लेकीकडून ऐकलेलं.

आधी फोटो. आमच्या मागच्या अंगणात सोळा पोरं, त्यांचे पालक, आणि एकाची कुत्री. मुलांच्या कोटाला लावायच्या फुलाची पिन कुणालाच लावता येईना. इकडच्या आया यूट्यूब बघतायत. मी पंचवीस वर्षं साडीला पिना लावतेय. रांगेत उभं केलं सगळ्यांना, डावी कॉलर, पिन मागून आत, देठाला टेकवून पुन्हा मागे. सहा मिनिटांत सात कोट. एका मुलीच्या गाऊनची चेन मधोमध उसवली होती, तिला आतून तीन सेफ्टी पिना मारल्या. रात्रभर टिकल्या म्हणे.

लेक दारात उभी राहून यादीवर नावांपुढे टिक करत होती, त्यामुळे जेवण थंड झालं. टेबल १७ वर नऊ जण, एकमेकांना फारसे न ओळखणारे. तिला वाटत होतं तिथे काहीतरी जादू घडेल. तसं काही झालं नाही. दोघी साडेआठलाच घरी गेल्या. एकाने चीजकेक तीनदा घेतला. उरलेले सहा जण बराच वेळ कुठल्यातरी व्हिडिओ गेमवर बोलत बसले आणि शेवटच्या दोन गाण्यांना उठले.

एक फुलदाणी फुटली, ६० डॉलर कापले. शिल्लक ४१५.

दुसरी_पिढी | १७ मे, दुपारी १:४०

चीजकेकवाल्याला माझा नमस्कार.

रेशीमकाठ | १७ मे, दुपारी २:१५

त्या पिनांचा व्हिडिओ टाका ना. आमचा पुढच्या शुक्रवारी आहे. पैठणीचा गाऊन झाला, सासूबाईंनी स्वतः काठ निवडून दिला.

पेठकर | १७ मे, रात्री ९:३०

फुलदाणीची पावती घेतली का? आणि मुलीला सांगा, सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेव. पुढच्या वर्षीचा खजिनदार विचारेल.

चिंगीची_आई | १७ मे, रात्री ९:४१

सँडलच्या खोक्यात आहेत, काका. तारखेप्रमाणे.